साठ हजारांचं कार्ड

देवीच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवून आप्पा गुरव कधीचे बसून होते, आणि दोन्ही पाकळ्या जागच्या हलायला तयार नव्हत्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौलाची रीत इतकी सोपी, पण देवीच्या मनात आज काय होतं कोण जाणे. गुणवंती हात जोडून समोर उभी होती आणि पायाला मुंग्या आल्या म्हणून मधूनच वजन बदलत होती.

आप्पांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, "आई माउली, ह्या तुझ्या लेकीच्या घरात कार्डावरून धुसफूस चाललीय. ता कार्ड ठेवायचा की परत करायचा, ता उजवा-डावा करून दाखव गो बाय."

या देवळात आजवर लग्नं ठरली होती, विहिरींच्या जागा ठरल्या होत्या, बोटीला नवं इंजिन घ्यावं की जुनंच दुरुस्त करावं हेही ठरलं होतं. बँकेचं कार्ड मात्र पहिल्यांदाच आलं होतं. आप्पांना आधी वाटलं, रेशनचं असेल. वर्षाला साठ हजार नुसतं कार्ड खिशात ठेवायचे, हे ऐकल्यावर त्यांनी गुणवंतीकडे असं पाहिलं, की तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

आता तिचा लेक चिराग म्हणजे काही उधळ्या नव्हे. मिरकरवाड्याच्या बंदरात बापाची एक बोट होती, तिच्यावरून त्याने कोळंबी, म्हाकूल असली मासळी कारखान्यांना पोचवायचा धंदा उभा केला. बापामागे आईला काही कमी पडू दिलं नाही. आई अजून पाटी घेऊन मांडवीला दारोदार मासे विकते, ते काही पोटासाठी नव्हे. घरी बसली की तिचे गुडघे दुखतात आणि बाजारात गेली की थांबतात, हे तिचं शास्त्र. सगळं कसं झ्याक चाललं होतं आणि मध्येच हे कार्ड आलं. पत्र्यासारखं जड, काळंकुळकुळीत. त्यावर विमानतळावर फुकट जेवण. पण विमान धरायला आधी गोवा नाहीतर मुंबई गाठायची. गोल्फही फुकट. विटीदांडूनंतर चिरागने हातात दांडा धरला नव्हता. शिवाय वर्षातून एक रात्र मोठ्या हॉटेलात मोफत, तीही वापरायची राहूनच गेली. धंद्याचं सगळं बघणारी त्याची बायको मनीषा म्हणाली, पहिल्या वर्षी गेले ते गेले, आता दुसऱ्यांदा भरायचे नाहीत. चिराग म्हणाला, भरायचे. त्यावरून आठ दिवस दोघांत अबोला, आणि भातावर तूप वाढायलासुद्धा कुणाचं मन नाही.

"काय तरी पोटात ठेवलंस तू," आप्पा शेवटी म्हणाले. "देवीला अर्धा सांगून चालत नाय."

मग गुणवंतीने सांगितलं. चिरागचा माल घेणाऱ्या कंपनीने मुंबईत एका मोठ्या हॉटेलात त्याचा सत्कार ठेवला होता. गुणवंती ठेवणीतलं लुगडं नेसून, गळ्यात सगळं सोनं घालून, कंपनीच्या साहेबांसाठी कोळंबीच्या लोणच्याचा डबा घेऊन लेकाबरोबर गेली. दारातल्या पगडीवाल्याने डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि सामानवाल्यांनी मागच्या दाराने जायचं म्हणून हात दाखवला. गेली ती मागून. आत स्वयंपाकघरात एक आचारी आपल्याच मुलखातला, मंडणगडचा निघाला. त्याने तिला स्टुलावर बसवून चहा दिला आणि तिच्याकडून तिरफळ घातलेल्या बांगड्याची पाककृती विचारून घेतली. एवढ्या मोठ्या हॉटेलात बाई खूश झाली ती तिथेच. परत आल्यावर महिनाभर मासळी बाजारात तिने हा किस्सा रंगवून सांगितला. चिराग मात्र तो किस्सा निघाला की उठून जायचा. पुढच्याच महिन्यात कार्ड आलं. ते का आलं, हे चिराग कुणाला बोलला नाही, पण तिने ओळखलं.

आप्पांनी हळूच दोन्ही पाकळ्या काढून घेतल्या. "यात देवी काय बोलणार? ज्याचा प्रश्न त्यालाच जाऊन विचार."

घरी आली तेव्हा नवराबायको जेवायला बसले होते, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. पैसे आज कापले जायचे होते. गुणवंती पाटावर बसली आणि सरळच म्हणाली, "चिराग, ता कार्ड तू माझ्यासाठी घेतलंस. मला कुठल्या दारात कोणी अडवू नये म्हणून. होय ना?"

चिरागचा हात ताटात थांबला. पगडीवाल्याचा किस्सा मनीषाला माहीत होता, पण कार्ड त्यापायी आलं हे कळल्यावर ती बिचारी पार विरघळली. असं होतं तर आधी बोलायचंत, म्हणाली, राहू दे मग ते कार्ड. आता आली का पंचाईत. आठ दिवस नको म्हणणारी होय म्हणायला लागली.

"राहू दे कशाला?" गुणवंती म्हणाली. "तो पगडीवाला मी तिथंच सोडून आले. ह्याने त्याला घरी आणलान आणि वर्षाचा पगार चालू केलान."

मनीषाला हसू आवरेना. चिराग हसला नाही, पण त्याने हात धुऊन फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडची मुलगी मोठी गोड बोलणारी. कार्ड बंद करायचं म्हटल्याबरोबर तिने फी निम्मी केली. चिराग गप्प राहिला, तर निम्म्याचीही निम्मी केली आणि वर हॉटेलात आणखी एक रात्र देऊ केली. चिरागने आईकडे बघितलं. मोह पडला होता, नाही कसं म्हणायचं.

गुणवंतीने मान हलवली. "इतक्या झटकन भाव उतरतो ती मासळी कालची असते."

कार्ड बंद झालं. मनीषाने आपणहून सासूच्या आणि नवऱ्याच्या भातावर तूप वाढलं, आणि घरातली हवाच बदलली. जेवण झाल्यावर गुणवंतीने सकाळची उरलेली सुरमई आणि पापलेटं बर्फासकट पाटीत भरली. मांडवीची गिऱ्हाइकं वाट बघत असतात. ती पडवीत आली, तर चिराग पायरीवर बसलेला.

"आये," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी त्या माणसाने तुला अडवलं तेव्हा मी फोनवर होतो. म्हणून मला..." आणि थांबला. हे वाक्य त्याने आजवर मनातल्या मनात दहादा म्हटलं असेल. आज ते पुढे जाईना. "कोणाचा फोन नव्हता, आये. मी नुसताच कानाला लावलेला."

"माहीत हाय," गुणवंती म्हणाली.

तिला तेव्हाच माहीत होतं. पगडीवाल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. लेक दोन पावलं बाजूला सरला, त्याचं मात्र वाईट वाटलं होतं, फार वाटलं होतं. चहाच्या पहिल्या दोन घोटांपर्यंत डोळ्यांत पाणी होतं आणि मंडणगडच्या त्या आचाऱ्याला ती म्हणाली होती, तुमच्याकडे मिरचीचा धूर फार. हे मात्र तिने बाजारात कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

चिरागचे डोळे भरून आले होते. तिने डोक्यावर चुंबळ बसवली. "रडतोस काय मेल्या. पाटी डोक्यावर द्यायला हात लाव. एकटीला उचलत नाय."

त्याने पाटी उचलली. बर्फाचं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. तिच्या डोक्यावर द्यायच्याऐवजी त्याने ती सरळ आपल्याच डोक्यावर घेतली, आणि तिने किती दरडावलं तरी खाली ठेवली नाही. मग तिने आपली चुंबळ काढून त्याच्या पाटीखाली सारली आणि दोघं निघाली.

मिरकरवाड्याची गल्ली भरलेली होती. जाळी शिवणारे, बर्फ फोडणारे, सगळे त्याचे रोजचे ओळखीचे. शेजारची सखू कोलमाची बारीक मासळी सुकवत दारात बसली होती. तिने डोळे बारीक करून विचारलं, काय गो, आज शेठच पाटीखाली?

"नवीन ठेवलाय कामाला," गुणवंती म्हणाली. "वर्षभर बघायचा, मग ठरवायचा."

चिराग हसला. मानेवरून ओघळणारं पाणी पुसायलाही तो थांबला नाही. आईच्या खांद्याला खांदा लावून चालत राहिला आणि मांडवीच्या पहिल्या बंगल्याच्या फाटकाशी आल्यावर, तिच्या आधी, त्यानेच मोठ्याने आरोळी दिली, "मासेऽऽ"