कप्तान पळाला

रणधीर स्वानंदला जिवे मारणार आहे, हे शिवांजलीला कळलं तोवर बोलून थांबवायची वेळ निघून गेली होती.

थोड्या वेळापूर्वीच तिघं हसत बसले होते. परंड्याच्या बसस्टँडमागं रणधीरचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्या दुपारी त्यानं शटर खाली ओढून अंधार केला, मशीनवर चादर टाकली आणि कोऱ्या पांढऱ्या फ्लेक्सचा तुकडा भिंतीला ताणून पडदा केला. प्रोजेक्टर स्वानंदनं आणला होता. ‘अंतराळ पलटण’ची नवी मालिका त्याच दिवशी आली होती आणि पहिला भाग तिघांनी एकत्र बघायचा, हा घाट शिवांजलीनं घातला होता.

‘अंतराळ पलटण’ म्हणजे त्यांचं अख्खं लहानपण. आधी ती टीव्हीवर रविवारी सकाळी लागायची, मग तिचे चित्रपट आले, कॉमिक्स आली. शिवांजली ईट गावची, शेतकऱ्याची लेक. परंड्यात खोली घेऊन रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. स्वानंद तुळजापूरच्या कारकुनाचा मुलगा. इथल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि फावल्या वेळात मोबाईलवर स्वतःचं चॅनल चालवायचा. रणधीर परंड्याचाच, घरी मोठी शेती, तालमीत कमावलेलं अंग. एरवी या तिघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पलटणीचा नायक कप्तान त्रिविक्रम, त्यानं ती घालून दिली होती.

शेवटच्या चित्रपटात हा कप्तान जळत्या ‘वज्रयान’ जहाजात मागं थांबतो आणि खाणीत राबणाऱ्या पोरांना घेऊन शेवटची नाव सुटते. बार्शीच्या थेटरात तो प्रसंग बघताना रणधीर हुंदके देऊन रडला होता. शेजारी बसलेल्या स्वानंदनं ते मोबाईलमध्ये टिपलं. पुढं बरेच दिवस ते तसंच पडून राहिलं. नव्या मालिकेची जाहिरात आली तसं त्यानं ते चॅनलवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘जुन्या चाहत्यांनो, टॉवेल घेऊन बसा.’

गावानं ते डोक्यावर घेतलं. रणधीर बाजारातून निघाला की पोरं डोळे पुसल्यासारखं करायची. शेजारच्या वाशी तालुक्यातून सोयरिकीचं बोलायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा चहा पिता पिता विचारलं, “पोरगं लई रडतंय का हो?” सोयरीक तिथंच राहिली. रणधीर कुणाला काही बोलला नाही. शिवांजलीनंच स्वानंदला झाडलं, व्हिडिओ काढायला लावला, माफी मागायला लावली. रणधीर म्हणाला होता, “जाऊ दे, झालं गेलं.” त्याचा चेहरा तसं म्हणत नव्हता, पण तिनं शब्दांवर विश्वास ठेवला.

त्या दुपारी पहिला भाग संपता संपता पडद्यावर एक लांबचा चंद्र दिसला. तिथं एक माणूस वाफ्यात भाजी लावत होता. त्यानं मान वर केली. कप्तान त्रिविक्रम. आग लागायच्या आधीच तो गुपचूप निसटला होता आणि नाव बदलून इथं राहत होता.

नावं सरकू लागली. अंधारात रणधीर म्हणाला, “ह्ये कुनी लिव्हलंय?”

“ज्यानं लिहिलंय त्याला मानलं पाहिजे,” स्वानंद म्हणाला. “इतकी वर्षं तो देव होता. आज पहिल्यांदा माणूस वाटला. भ्याला आणि पळाला. कुणीही पळेल.”

“त्यो न्हाय पळनार. कुनाला मागं सोडायचं न्हाय, ही शपथ त्यानंच घातली हुती सगळ्यांला.”

“मागच्या चित्रपटात त्याचं प्रेत दाखवलं होतं का? नाही ना? म्हणजे ही वाट त्यांनी तेव्हाच मोकळी ठेवली होती.”

“प्रेत काय दावत्यात? राख झाला त्यो.”

“पण रेडिओचं काय?” शिवांजली मध्ये पडली. तिलाही ते पटलं नव्हतं. “जळत्या यानातून तो एकेका पोराचं नाव घेऊन बोलला होता. पोरं रडत होती, त्यांना उत्तर देत होता. पळालेला माणूस ते कसं बोलंल? इथं यांची गफलत झालीय.”

“उलगडतील पुढच्या भागात. तुम्हा दोघांना कथा नकोय, तुम्हाला फोटोला हार घालायचाय.”

रणधीर हळू आवाजात म्हणाला, “म्हंजी म्या रडलो ते कुनासाठी?”

ते चेष्टेवारी न्यायचं वाक्य नव्हतं. शिवांजलीला ते समजलं, स्वानंदला समजलं नाही. तो हसून म्हणाला, “ते आता तूच सांग बाबा. सगळं गाव विचारतंय.”

रणधीर उठला, दिव्याचं बटण दाबलं, आणि उजेड पडताच त्याला ते दिसलं. रंगाच्या डब्यांमागं स्वानंदचा मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा होता. त्याचं तोंड पडद्याकडं नव्हतं, रणधीरच्या खुर्चीकडं होतं. कोपऱ्यात लाल ठिपका चालू होता.

“फिरून माझंच तोंड,” रणधीर म्हणाला.

“अरे, फक्त चेहरे घेतोय. तुला विचारल्याशिवाय टाकणार नव्हतो.”

रणधीरनं त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीसकट उलथवलं. डोकं फरशीवर आपटलं. पण स्वानंदही पडून राहणारा नव्हता. त्यानं हात लांबवून तिकाटणं ओढलं, मोबाईल त्यावरून निसटून डब्यांना टेकून चालूच राहिला, आणि ते तिकाटणं त्यानं झुकलेल्या रणधीरच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, पुढचा दात निखळून ओठाशी लोंबला. रणधीरनं तो बोटांनी उपटून टाकला आणि भिंतीला टेकवलेला, फ्लेक्सच्या चौकटीचा लोखंडी पाईप उचलला.

पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडलं. दुसरा कानावर. स्वानंद कुशीवर वळला, कानातून रक्ताची धार मानेवर आली. शिवांजली रणधीरच्या दंडाला लोंबकळली. त्यानं तिला झटकलं, ती मशीनच्या कडेवर जाऊन आदळली आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती उठली तेव्हा तिसरा, चौथा फटका पडून गेला होता आणि रणधीर स्वानंदच्या छातीवर बसला होता. पाईप आडवा त्याच्या गळ्यावर होता. दोन्ही हातांनी तो खाली रेटत होता.

“रणधीर, सोड. मरंल तो. रणधीर, माझ्याकडं बघ.”

त्यानं बघितलं. तिच्याकडं, सरळ डोळ्यांत. आणि आणखी भार दिला.

स्वानंदच्या टाचा फरशीवर घासत होत्या. चेहरा जांभळा पडला होता. शिवांजलीनं शटर बडवलं, कुणी आलं नाही. टेबलावर फ्लेक्स कापायचा कटर होता. तिनं पातं बाहेर सरकवलं, गुडघ्यावर बसली आणि रणधीरच्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूनं, जोरात ओढलं.

सुई टोचताना रोज येणारं रक्त वेगळं. हे तिच्या तोंडावर उडालं, गरम. पाईप घरंगळला. रणधीरची बोटं आपोआप उघडली आणि तो त्या हाताकडं दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला.

“शिवा,” तो म्हणाला, “तू मला कापलंस.”

“खाली बस. हात वर धर.”

तिनं ओढणी आवळून बांधली. खाली स्वानंद खरवडल्यासारखा श्वास ओढत होता. प्रत्येक श्वासाबरोबर तिला वाटत होतं, पुढचा येतोय की नाही.

शेजारचे रसवंतीवाले रामहरीकाका शटर उचलून आत आले. दारातच त्यांनी भिंतीचा आधार घेतला. पण लगेच आपला पिकअप दाराशी लावला. दोघांना मागं, एकाच ताडपत्रीवर निजवून बार्शीला न्यावं लागलं. शिवांजली मधे बसली होती. एका हातानं रणधीरचा दंड दाबून, दुसऱ्या हातानं स्वानंदची मान आधारून. गाडी खड्ड्यात गेली की दोघंही कण्हायचे.

मोबाईल सापडला तेव्हा त्यात जवळजवळ सगळं होतं. पोलिसांनी तो जप्त केला, तरी त्यातला तुकडा कुठून तरी फुटलाच. राज्यभरातले पलटणवाले तो बघत होते. खाली भांडणं जुंपली होती. कुणी म्हणे, जुन्या पलटणीचा गडी शोभतो. कुणी म्हणे, त्या जुन्यांना असंच फोडलं पाहिजे. कानातून रक्त येणाऱ्या माणसाबद्दल फार कमी जणांनी काही लिहिलं होतं. शिवांजली एका जागेपर्यंत वाचत गेली. मोबाईल बंद करून ती नळाखाली तोंड धरून उभी राहिली.

स्वानंद वाचला. एका कानानं ऐकू यायचं गेलं आणि आवाज घोगरा झाला. त्याचे वडील वसंतराव तिच्या खोलीवर आले, हात जोडून उभे राहिले. तसेच परत गेले. रणधीरची आई, विमलकाकू, आल्या त्या चप्पल न काढता आत आल्या आणि त्यांनी तिच्या कानशिलात दिली. “माझ्या लेकराचा उजवा हात,” त्या म्हणाल्या आणि दुसरी दिली. शिवांजलीनं तोंड फिरवलं नाही. दुसऱ्या गालावरही वळ उठले.

जबाबात रणधीरनं सांगितलं होतं की झटापटीत कटरवर पडून हात कापला. मोबाईलमध्ये तेवढी जागा टेबलाआड गेली होती, आणि तो पडल्यापासूनचा आवाज त्यात उमटला नव्हता. त्याचा जबाब टिकला असता. शिवांजलीनं ठाण्यात जाऊन सांगितलं, कटर मी ओढला, ठरवून ओढला. मग तिच्यावरही गुन्हा दाखल झाला. लॅबनं तिला कामावरून कमी केलं.

जामिनावर सुटल्यावर रणधीर तिला कोर्टाच्या आवारात भेटला. हातावर लांब शिवण होती. दोन बोटं वळत नव्हती. पुढचा दात नसल्यानं त्याचा चेहरा पोरसवदा वाटत होता. दोघं कडुनिंबाखालच्या बाकावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून.

“म्या वाचवलं हुतं की तुला,” तो म्हणाला. “खरं कशाला सांगितलंस?”

“तसंच झालं होतं म्हणून.”

तो वाकडी बोटं दुसऱ्या हातानं सरळ करत राहिला. आतून पुकारा झाला, तो दुसऱ्याच कुणाचा होता.

“शिवा, एक इचारू का?”

“विचार.”

“तू कापलं नसतंस तर म्या सोडला असता का त्याला?”

तिला त्याचे ते डोळे आठवले. ती हाक मारत असताना तिच्याकडं बघणारे, तिला नीट ओळखणारे.

“नाही,” ती म्हणाली.

रणधीरनं मान हलवली. वकिलानं हाक मारली तेव्हा तो उठला आणि डाव्या हातानं शर्टाच्या बाहीचं बटण लावत, ते न लागताच, पायऱ्या चढून आत गेला.