ख्लुकचा ओठ

बाबांची शवपेटी अजून घरातच होती आणि अंगणात भिक्खूंसाठी चटया अंथरून ठेवलेल्या होत्या. तेवढ्यात प्लेक खेळिया पानसुपारीचं तबक घेऊन माझ्यापुढे येऊन बसला. तबक पाहूनच मला कळलं. असंच तबक घेऊन तो पूर्वीही एकदा आमच्या घरी आला होता.

"लमाई," तो म्हणाला, "तुझ्या बापाच्या तळपायाचं कातडं दे. लहानसा तुकडा पुरे. ख्लुकचा खालचा ओठ त्याचा करतो."

आमच्या सरोवराकाठी ही रीत जुनी आहे. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात राजे आणि ऋषी गाईच्या कातड्याचे. पण ख्लुकसारखा एखादा विदूषक लोकांचा फार लाडका झाला, तर ज्या माणसावरून तो कोरलेला असतो त्याच्या तळपायाचं कातडं, माणूस गेल्यावर, बाहुलीच्या ओठाला लावतात. मग ती नुसती बाहुली राहत नाही. लोक तिला नवस बोलतात. मात्र कातडं घरच्यांनी आपल्या हातानं द्यावं लागतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

पहिलं तबक आलं तेव्हा मी परकरी पोर होते. बाबा ताडाचा रस काढायचे. चढून चढून त्यांचे तळपाय सुसरीच्या पाठीसारखे झाले होते. संध्याकाळी मी त्यांना खोबरेल चोळायची. त्यांचा खालचा ओठ लोंबता होता, पोट पंच्याच्या बाहेर यायचं, आणि कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी ते म्हणायचे, "गंमत नाही हां!" रस आंबला तरी गंमत नाही हां, भात मऊ झाला तरी गंमत नाही हां.

"फुआंगभाऊ, तुमच्यावरून बाहुली कोरून तुम्हाला पडद्यावर न्यावं म्हणतो," प्लेक म्हणाला होता.

आई चुलीपाशी होती. "नका हो जाऊ. सगळं गाव हसेल."

"हसू दे की. राजाच्या शेजारी उभा राहणार मी. तुझ्या माहेरचं कोण उभं राहिलंय राजाशेजारी?" बाबांनी तबकातलं पान उचललं. झालं.

पडद्यावर राजे-राण्या राजधानीची भाषा बोलायचे. ती आम्हाला अर्धी कळायची, म्हणून आम्ही पेंगायचो. मग आधी पोट आलं, मागून ख्लुक आला. दोरी ओढली की ओठ लटलट हलायचा. "गंमत नाही हां, महाराज! तुमच्या राज्यात मीठ संपलंय, आणि तुम्ही युद्धाला निघालात!" लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. बाबाही हसले. डोळे पुसत पुसत आईला म्हणाले, "मी असाच बोलतो?"

"असंच," आई म्हणाली. ती हसली नव्हती.

दोन-तीन वर्षांत फुआंग हे नाव गावाच्या तोंडून गेलं; बाबांना सगळे ख्लुकच म्हणू लागले. प्लेकला लांबलांबच्या विहारांतून बोलावणी येऊ लागली. ती त्याला नव्हतीच, ख्लुकला होती. आणि बाबा सुकी मासळी घ्यायला गेले तरी दुकानदार आधी हसून घ्यायचा, मग वजन करायचा.

त्या साली कापणीच्या जत्रेत प्लेकनं नवा प्रसंग घातला. ख्लुक बोंबलत येतो, "गंमत नाही हां! बायकोला नाग चावला! होडी काढा!" सगळं गाव धावतं, आणि बघतात तर नाग नाही, चिखलातली वाम. ख्लुकची बायको तीच वाम हातात धरून त्याला बडवते. तसं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

जत्रा उठून आठवडाही झाला नव्हता. सकाळच्या उन्हात भात कापताना आईला नाग चावला. खराखुरा, फणा काढलेला. बाबा धक्क्याकडे धावले, मी त्यांच्यामागे. होडीवाला जुन चार जणांबरोबर चहा पीत बसला होता.

"जुन, होडी काढ! हिला नाग चावला!"

जुननं पेला खाली ठेवला तो हसू आवरेना म्हणून. "नाग का वाम?"

"अरे, गंमत नाही! गंमत नाही हां!"

मग तर काय. एक जण फळीवरून खाली घसरला. दुसरा म्हणाला, "ख्लुकदादा, ओठ हलवा ना, ओठ!" बाबांनी जुनचे पाय धरले, तेव्हा तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धाय मोकलून रडायला लागले, तेव्हा कुठे जुनचा चेहरा बदलला. वैदू पैलतीरावर होता. होडी सरोवराच्या मध्यावर असतानाच आई गेली.

प्लेकनं तो प्रसंग काढून टाकला. पुढच्या जत्रेत लोक ओरडायला लागले, "वाम आणा! वाम आणा!" आणि त्यानं पुन्हा घातला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते.

"कशाला आलात इथे?" मी विचारलं.

"तो काय म्हणतो ते मला माहीत असायला हवं, लमाई. म्हणजे तेवढं मी बोलणार नाही."

असं करत करत त्यांनी एकेक वाक्य सोडून दिलं. शेवटच्या वर्षांत ते माझ्याशीसुद्धा मानेनंच बोलायचे.

दहनाच्या दिवशी प्लेक उत्तर ऐकायला आला.

"नाही देणार," मी म्हणाले. "तोंड नेलंत, बोलणं नेलंत. पाय तरी त्यांचे त्यांना राहू देत."

"अगं पोरी, लोक त्याला देव मानतील."

"माणूस मानलं असतं तर होडी निघाली असती."

तो तबक उचलून निघून गेला. मी सरण विझेपर्यंत उभी होते. बाबांना पेटीतून काढून सरणावर ठेवलं होतं, दोन्ही तळपाय माझ्या बाजूला होते. दोन्ही अखंड जळले.

पुढच्या पावसाळ्यानंतर कळलं, ख्लुकला नवा ओठ बसलाय आणि लोक नवस बोलताहेत. मी प्लेकच्या घरी गेले. "खोटं का सांगितलंत?"

"मी एक शब्द बोललो नाही. लोकांनी विचारलं, हा फुआंगचाच ना? मी हात जोडले."

प्लेक गेला, त्याचा नातू आता खेळ करतो. ख्लुक धुपाच्या धुरानं काळा पडलाय, गळ्यात लोकांनी बांधलेल्या रंगीत फिती. परवा विहारात खेळाआधी एक तरुण बाई कडेवरच्या पोराला घेऊन पुढे आली. पोर तीन वर्षांचं, तोंडातून आवाज नाही. ती त्याचं तोंड ख्लुकच्या ओठाला लावत होती.

मला राहवलं नाही. "पोरी, तो ओठ कुठल्या तरी गुराच्या कातड्याचा आहे. माझ्या बापाचे पाय मी माझ्या डोळ्यांनी जळताना पाहिलेत."

"कोण हो ह्या आजी?" तिनं विचारलं.

"अगं, ख्लुकची पोर ती!" मागून कुणी तरी म्हणालं, आणि हसू सुरू झालं. "बघ, ओठसुद्धा तस्साच!"

"हसू नका. खरं सांगते, गंमत नाही—"

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. सगळा मांडव हसत होता. कडेवरच्या पोरानं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, आणि तेही खदखदून, मोठ्यानं हसलं.

"पावला!" त्याची आई रडत ओरडली. "ख्लुक पावला गं!"