गोबरगॅसच्या टाकीवरची शाल

आंजी गावातल्या आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अग्निबाबांनी काडी ओढली, शेगडीची चावी फिरवली आणि भप्पकन निळी ज्योत उभी राहिली. महिनाभर मेलेला गॅस! बायांनी हात जोडले. सासूबाई तर रडल्याच.

"एकवीस दिवस गॅसमातेले न्हाऊ घातलं, शाल पांघरली," बाबा गरजले. "आन् विटाळ तोडला. आता माय काऊन रुसन?"

विटाळ म्हणजे आमचा संडास. त्याचा पाइप गोबरगॅसच्या टाकीला जोडलेला होता. पौषात ज्योत विझली, बाबा आले, आणि पहिल्याच दिवशी पाइप तोडून त्यांनी संडासाचं भांडं सिमेंटनं बुजवायला लावलं. तेव्हापासून तीन वर्षांच्या रक्षाला घेऊन मी नाल्याकाठी जाते. एका हातात टमरेल, दुसऱ्यात सापासाठी काठी. आठवड्यातच तिला हगवण लागली.

बाकीचा विधी मी नीट पाहिला होता. न्हाण म्हणजे दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवायचं. शाल म्हणजे टाकीवर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, हातभर थर. एरवी आमच्याकडे शेण पहाटे कालवतात, रात्रभर उघड्यावर गारठलेल्या ड्रमच्या पाण्यात. सासूबाईंच्या सासूपासूनची रीत.

मी बी.एस्सी. टाकीतले जंतू शेण-मैला खाऊन गॅस सोडतात आणि गारठ्यात सुस्तावतात, एवढं मला कळत होतं. पण घरात ऐकतं कोण? शेजारच्या सुंदराताईंचाही गॅस विझलेला. त्यांना म्हटलं, "बाबाला बोलवू नका. कुटार घाला, दुपारी ऊन पाणी वापरा. संडास मात्र जोडलेलाच ठेवा." कॉलेजातला काचेचा थर्मामीटर होता. त्यांच्या टाकीतली स्लरी, म्हणजे शेणाचा काला, सतरा अंशांवरून हळूहळू चोविसावर आली. थंडीही ओसरत होती.

म्हणून त्या दिवशी मी गर्दीत उभी राहिले. "सुंदराताईंची शेगडी चार दिवसांपासून पेटते. ना मंत्र, ना विटाळ तोडला."

सुंदराताईंचे यजमान, नत्थूभाऊ, पुढे आले. "आन् ह्या बाबाले मी ओळखतो ना! आमच्या टाकीचा घुमट यानंच बांधला. गवंडी होता तवा. जाता जाता सांगून गेलता, हिवाळ्यात कुटार टाकजो. मीच इसरलो!"

सगळ्यांनी बाबांकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता पहार आणतील, सिमेंट फोडतील.

बाबा गालात हसले. "माय, माही कृपा कुंपण पाहून थांबते का? गेली शेजारी!"

लोक खळखळून हसले. जयजयकार झाला. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "देवानं गवंड्यालेच निवडलं. तू काऊन आडवी येऊन राह्यली? पेटता गॅस इझवतं का?"

आता उन्हाळ्यात ज्योत आणखी उंच होईल, तीही बाबांच्या नावावर. काल सुंदराताईंनी कुटाराला हळदकुंकू वाहिलं. संडासाचा पाइप तोडायला माणूसही सांगितलाय. मी अडवलं, तर "राहू दे ना बाई," म्हणाल्या, "उगाच कायले जोखीम?"

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे ज्योत विझली, तर बाहेर पडणारी स्लरी हाताला गार लागते का, ते आधी पाहा. लागली तर टाकीला ऊब द्या. संडासाला हात लावू नका.

आज सकाळी नाल्याकडे निघताना रक्षानं आपणहून विचारलं, "आई, काठी घेतली?"