बजाबाईनं पाणी बंद केलं

सोलापुरातली मे महिन्यातली दुपार ज्यानं भोगलीय त्यालाच ती ठाऊक. पत्रा तापलेला, जमीन तापलेली, आणि गिरणीच्या चाळीतल्या नळाला तासभर पाणी आलं तर नशीब. अशा दिवसांत लहान लेकरांना हगवण लागते. दरसाल लागते. दरसाल चाळीतले चार-दोन पाळणे रिकामे होतात आणि मंडळी 'देवाची मर्जी' म्हणून पुन्हा कामाला लागतात. देव खुलासा करायला येत नाही, हे आपलं बरंच आहे!

१९३४ साली ही पाळी बजाबाईच्या घरावर आली.

बजाबाई म्हणजे काही ऐरीगैरी बाई नव्हे. गिरणीच्या सूत गुंडाळायच्या रिळाच्या खात्यात साठ बायकांवर ती नायकीण, म्हणजे मुकादम, होती. कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला घरी बसवायचं, हे तिच्या शब्दावर ठरे. चाळीत लेकरू आजारी पडलं की आया आधी तिच्याकडे धाव घेत. तिचा इलाज ठरलेला. पाणी बंद, अंगावरचं दूध बंद आणि वर एक बाळगोळी. ही बाळगोळी अफूची. आई कामावर गेली की लेकरू दिवसभर गप निजावं, म्हणून घरोघरी ती डबीत असायचीच.

चाळीच्या तोंडाशी म्युनिसिपालिटीनं बालसंगोपन केंद्र काढलं होतं. तिथं नर्सबाई होती, वजनकाटा होता, भिंतीवर चित्रं होती. नव्हती ती फक्त लेकरं. कारण बजाबाई एकदा नळावर म्हणाली होती, "तितं पोरं तोलून मारत्यात." झालं! मग कुणाची बिशाद आहे तिकडं पाऊल टाकायची?

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बजाबाई घरी आली, तर तीच नर्सबाई तिच्या घरात बसलेली. मांडीवर दहा महिन्यांचा नातू, एकनाथ. बजाबाईची लेक वच्छला सांगोल्याहून माहेरी आली होती आणि आल्यापासून चौथ्या दिवशी पोराला हगवण लागली होती. आज तिसरा दिवस.

"हिला कोनी बोलिवलं?"

वच्छला आईपुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. "मी," ती म्हणाली.

"का? हगवण थांबली की! सकाळच्या गोळीपास्नं एकदाबी झालं न्हाय. कसा गप निजलाय बग."

"निजलाय?" नर्सबाई म्हणाली. शकुंतलाबाई तिचं नाव. वय पंचविशीचं, पण आवाजात धाक होता. "बजाबाई, इथं बसा. हा शेवटचा मुतला कधी?"

"काल, दिस मावळायच्या आदी," वच्छलानं सांगितलं.

शकुंतलाबाईंनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच वर राहिली. टाळू खोल गेली होती. तळपायावर टिचकी मारली तसं पोरानं रडायला तोंड वाकडं केलं, पण डोळ्यांत टिपूस नाही.

"हगवण थांबली नाही. आत पाणीच उरलेलं नाही, आणि गोळीनं रडायची ताकदही काढून घेतलीय. असाच ठेवलात तर संध्याकाळ बघणार नाही हा."

वच्छलानं पदर तोंडात कोंबला. बजाबाई मात्र हटली नाही.

"पानी पाजलं की हगवण वाढतीया. जेवडं वरनं घालावं तेवडं खालनं जातंय. तुमी कालच्या पोरी, मला शिकवायला आलाय व्हय?"

"मग तुम्हीच मला शिकवा. उन्हाळ्यात गिरणीत खात्यातल्या जमिनीवर पाणी का मारतात?"

"सूत वाळतंय की. वाळलं की तुटतंय." हे उत्तर तिला झोपेतही आलं असतं.

"सूत तुटायला लागलं, तर पाणी मारायचं बंद करता?"

बजाबाईनं मान फिरवली.

"लेकराच्या अंगातलं पाणी चाललंय. हगवण लागलेली असतानाच ते भरून द्यायचं. पाणी पाजून लेकरू मरत नाही हो, पाण्यावाचून मरतं!"

"गप!" बजाबाई ओरडली. "खोटं हाय ते! तुजं खरं मानलं, तर माझा कोंडीबा…"

तिची नजर माठाकडे गेली. मग ती एकदम बोलत सुटली.

"बारा वर्सं झाली. तीन वर्साचा व्हता. तीन दीस 'आये, पानी, आये, पानी' करत व्हता. त्येला दिसू नये म्हनून मी माठ उचलून शेजारी नेऊन ठिवला. शेवटाला भिंतीचा वला पोपडा चाटत व्हता गं! मी त्येचं हात धरून बसले. बरा व्हावा म्हनून बसले!"

बारा वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या लेकरांचं पाणी का बंद करत होती, ते आता शकुंतलाबाईंना कळलं. एकदा जरी पाणी पाजून पोर वाचलं असतं, तरी कोंडीबाचा हिशेब तिच्यापुढे येऊन उभा राहिला असता.

"तेव्हा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं," शकुंतलाबाई हळू म्हणाल्या. "आज मी सांगतेय. या लेकराचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. कोंडीबा गेल्यापासून बजाबाई भोंग्याला कधी चुकली नव्हती. तिनं दाराकडे पाहिलं. मग नातवाकडे पाहिलं.

"वच्छे, चूल पेटव."

तांदळाची पातळ पेज शिजली, गाळली, निवली. "मीठ कणभरच," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आसवापेक्षा खारट नको." बजाबाईनं बोट बुडवून चाखलं. तिला ती चव लगेच कळली, कारण तिच्या ओठांवर ती आधीच उतरली होती.

मग चमच्या-चमच्यानं पाजणं सुरू झालं. पोर पुरतं जागं करायचं, ओठ ओले करायचे, चमचाभर द्यायचं, थांबायचं, पुन्हा द्यायचं. चौथ्या चमच्याला पोरानं सगळं ओकून टाकलं. बजाबाईनं चमचा मागं घेतला.

"शंभरपर्यंत मोजा आणि पुन्हा द्या."

बजाबाईला आकडे विसापर्यंतच यायचे. ती पाच विसा मोजी आणि चमचा उचली.

तासाभरानं हगवण पुन्हा लागली. शेजारची गौरम्मा दारातूनच किंचाळली, "अय्यो, पुन्ना सुरू झालं की! बजाबाई, पानी थांबवा!" तिचंही काय चुकलं? बजाबाईचेच शब्द होते ते. बारा वर्षांची सवय तिला मागं ओढत होती.

"होऊ दे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "गेलं त्याहून जास्त द्या. वच्छला, अंगावर घे त्याला. दूध बंद करायचं नाही."

बजाबाईनं डोळे मिटले आणि चमचा पुढं केला.

उन्हं कलली तेव्हा पोर तिच्या मांडीवर होतं. एकाएकी तिच्या लुगड्याला ऊब लागली. तिनं खाली पाहिलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मुतला! वच्छे, मुतला गं!" आणि एकनाथनं घाबरून जे भोकाड पसरलं, ते चांगलं डोळ्यांतून धारा काढून! बाळगोळीची डबी त्याच घटकेला चुलीत गेली.

दुसऱ्या दिवशी रिळं सुरू व्हायच्या आधी बजाबाई खात्यात मधोमध उभी राहिली. साठ बायका गप झाल्या. आज कुणाची खैर नाही, असंच त्यांना वाटलं.

"माझा कोंडीबा हगवणीनं न्हाय मेला," ती म्हणाली. "त्यो तानेनं मेला. मी मारला त्येला. आन् तुमालाबी तेच शिकवलं. ज्याच्या लेकराला हगवण लागलीया, त्येनं पानी उकळून, गार करून पाजा. पेज पाजा. अंगावरचं तोडू नगा. गोळी दिऊ नगा. आन् शकुंतलाबाईला बोलवा. माजं चुकलं गं, बायांनो!"

मागच्या रांगेतली मल्लव्वा उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माजी पोर…" ती म्हणाली. "परवापास्नं. तुमीच सांगितलं व्हतं, म्हनून…"

"पळ!" बजाबाई ओरडली. "पळ गं! मी नर्सबाईला घिऊन येते!"

आणि दोघी एकाच दारातून धावत सुटल्या.

वाचकहो, केंद्र उघडणं हे म्युनिसिपालिटीचं काम, आणि ते तिनं केलं होतं. त्यात लेकरं नेणं हे आपलं. आजारी लेकराच्या तोंडचं पाणी काढून घेणारा हात बहुतेक वेळा मायेचाच असतो, म्हणून तो धरायला कुणी धजत नाही. तो धरला पाहिजे. आणि आपलाच हात चुकला असेल, तर ते चारचौघांत सांगितलं पाहिजे. त्याची लाज वाटते. बजाबाईलाही वाटली असेल. ती लाज गिळून ती बोलली, म्हणून मल्लव्वाची पोर जगली.