अब्बांचा खोकला

माझे अब्बा, उस्मान पिंजारी, अकोटला गाद्या भरतात आणि गेली वीस वर्षं दिवसभर खोकतात. कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की बारीक धूळ उडते, ती थेट त्यांच्या छातीत जाते. दुकान उघडं आहे की बंद, हे गल्लीला त्या खोकल्यावरून कळतं.

मी याच गल्लीची आशा वर्कर. जून २०२१ मध्ये माझ्या लशीच्या यादीत पंचेचाळीसच्या वरची चाळीसेक माणसं होती आणि होकार एकाचाही नव्हता. नकारही नव्हता, हे जास्त चिडवणारं. गल्लीच्या टोकाला राहणारे खुशालराव सगळ्यांच्या वतीनं बोलायचे. त्यांची शेती गावाबाहेर, पण बहुतेक वेळ आमच्या दुकानाच्या ओट्यावर जायचा.

"आमी कुठी नाई म्हणून राहिलो, यास्मीन? आदी कोणाले तरी घेऊ दे. तीन दिवस पाहू त्याले, मंग आमी हायच."

आठ दिवस मी दारोदार हेच ऐकलं. शेवटी अब्बाच मशीनमागून म्हणाले, "मले पाहा मंग."

सोमवारी सकाळी अब्बांनी लस घेतली. अर्धी गल्ली त्यांच्या मागे आरोग्य केंद्रापर्यंत आली. परत आल्यावर ते कामाला बसले आणि समोरच्या ओट्यावर माणसं अशी ओळीनं बसली, जशी मुलगी पाहायला आली आहेत. माझ्याकडे एक वही होती. हात, ताप, डोकं, इतर काही, असे चार रकाने. तीन-तीन तासांनी मी विचारायची आणि अब्बा म्हणायचे, "ठीक." रात्री ताप आला, तर मला चक्क बरं वाटलं. ताप येईल असं मी सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं. लस जणू मीच तयार केली होती, अशा तोऱ्यात मी तो लिहिला.

मंगळवारी सकाळी दुकानात मशीन सुरू होतं आणि खोकला नव्हता.

पहिल्यांदा लक्षात आलं ते खुशालरावांच्या. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांपासून नवी गादी कोणी करत नाही, जुनाच कापूस पुन्हा पिंजून घेतात. तशी त्यांचीही एक गादी अब्बांकडे आलेली होती. "उस्मानभाई," ते म्हणाले, "तुमचा खोकला कुठी गेला?"

अब्बा नुसते हसले.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं की लशीनं उस्मानभाईचा वीस वर्षांचा खोकला पळवला. लोक आपणहून दारात येऊन नावं लिहून गेले. दम्याची एक म्हातारी दोन्ही डोस एकदमच मिळतील का म्हणून विचारत होती. दोन वाजता माझ्या यादीत होकाराची अडतीस नावं होती. आठ दिवस घसा कोरडा करून एक मिळालं नव्हतं.

खोकला जातो असं माझ्या कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. मला ते ठाऊक होतं. तरी "इतर काही" च्या रकान्यात मी "खोकला थांबला" असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. हाव सुटली होती, दुसरं काय. पण डोक्यातून "का" जाईना. माझी ही खोड लहानपणापासूनची आहे. मामाच्या घरच्या उशीत आपल्यासारखाच कापूस असतो का, हे पाहायला मी ती उशी फाडली होती आणि मार खाल्ला होता.

साडेतीनला मी दुकानात जाऊन उभी राहिले. खुशालरावांची गादी जमिनीवर पसरलेली होती. अब्बा टाके घालतात ते पट्टीनं आखल्यासारखे. गादीवर पाच ओळी तशाच सरळ होत्या. सहावी वाकली होती, सातवी कोपऱ्याकडे निघून गेली होती. अब्बा मांडी घालून बसत नव्हते, उजवा गुडघा पोटाशी घेऊन बसले होते. मशीन चालूच होतं. धूळ उडाली, त्यांचा गळा वर-खाली झाला. त्यांनी खांद्यावरचा सदरा दातांत धरला, कोपरानं पोटाची उजवी बाजू दाबली आणि खोकला गिळला. डोळ्यांतून पाणी आलं.

खोकला गेला नव्हता. ते तो बाहेर येऊ देत नव्हते.

मी मशीन बंद केलं. "अब्बा, एक खेप खोका."

"कायले? ठीक हाय मी."

"खोकून दाखवा."

ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. पोरगी बापाला खोकायला काय लावते, म्हणून त्यांच्यातले दोघं हसलेही. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि एकदाच खोकले. त्यानंतर ते गादीवर आडवे झाले आणि पोटावरचा हात काढू देईनात.

एकशेआठची गाडी आली. तासाभरात आम्ही अकोल्याला सरकारी दवाखान्यात होतो. डॉक्टर बाईंनी बेंबीच्या खाली उजवीकडे दाबलं आणि एकदम सोडलं. दाबताना अब्बा गप्प होते, सोडताना ओरडले. "अपेंडिक्स," त्या म्हणाल्या. "रात्रभर थांबला असता तर फुटलं असतं. एवढं दुखत असताना काम कसं करत होते?" संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

बुधवारी मी डॉक्टरांना विचारलं, "हे लशीनं झालं का?"

"लशीनंतर झालं एवढं नक्की," त्या म्हणाल्या. "अपेंडिक्स लस न घेतलेल्यांचंही सुजतं, रोज येतात असे पेशंट. पण लशीनं नाहीच झालं, असंही मी एका पेशंटवरून सांगणार नाही. त्यासाठीच लशीनंतरच्या त्रासाचा फॉर्म असतो. जसं घडलं तसं भरा, तपासणारे तपासतील."

तपासायला मलाही आवडलं असतं. फॉर्म घेऊन मी अब्बांच्या खाटेशी बसले. पहिला त्रास केव्हा सुरू झाला, असा प्रश्न होता.

अब्बांनी नजर पंख्याकडे वळवली. "इतवारी संध्याकाळी. बेंबीपाशी दुखे. मले वाटलं गॅस हाय."

लस सोमवारची. माझा पेन थांबला. "मंग सांगतलं काहून नाई?"

"सकाळी सारी गल्ली येणार होती पाहाले. तू आठ दिवस उन्हात फिरून राहिली होती. मंग ताप आला. तू तर म्हणे ताप येतेच. मंगळवारी तुयी यादी भरून राहिली होती, मंग कसा खोकू?"

मला इतका राग आला की मी व्हरांड्यात जाऊन रडले. त्यांच्यावरही राग होता आणि त्या अडतीस नावांवरही. त्याहून जास्त स्वतःवर होता, कारण त्यांच्या शेजारी बसून मी वही भरत होते.

फॉर्मवर मी खरं तेच लिहिलं. गल्लीतही खरं तेच सांगितलं. खुशालरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पोरी, कालपर्यंत त्यो ठीक म्हणे. आता म्हणते लशीच्या आदीच दुखून राहिलं होतं. आमी कोणतं खरं धरावं?"

मी भांडकुदळ आहे, भांडायला म्हणून वही उघडली. वहीत माझ्याच अक्षरात नऊ वेळा "ठीक" लिहिलेलं होतं.

शनिवारी सकाळी अब्बा घरी आले. त्यांची खाट दुकानातच टाकली, घरात उकडतं म्हणून. त्याच दिवशी लशीचा कॅम्प होता. बारा वाजेपर्यंत अडतिसांतलं एकही माणूस आलं नाही. मग माझी अम्मी, हलीमाबी, आली. ती माझ्या यादीत कधी नव्हतीच, घरातून एक पुरे म्हणायची. तिनं लस घेतली आणि थेट दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली.

"हात दुखून राहिला," तिनं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी म्हणाली, "डोकं जड हाय. पोट ठीक. लिही व यास्मीन." रविवारी तिनं ताप जाहीर केला, मग उतरलेला ताप जाहीर केला आणि जुनी गुडघेदुखीही सांगून टाकली. "हे लशीचं नोय, तुमाले माहीतच हाय." लोक हसायचे, पण थांबून ऐकायचे.

तिसऱ्या दिवशी खुशालराव गादी न्यायला आले. वाकडे टाके मी उसवून पुन्हा घालून देते म्हटलं, तर राहू दे म्हणाले. आत खाटेवर अब्बांना खोकला आला. त्यांनी उशी पोटाशी घट्ट धरली आणि खोकले. सहा दिवसांनी तो आवाज ऐकला आणि मला आनंदानं हसू फुटलं.

गादी खांद्यावर घेऊन निघालेले खुशालराव दारात थांबले. "उस्मानभाई, आता खरं सांगा. कसं हाय?"

अब्बांचं तोंड "ठीक" म्हणायला उघडलं होतं, मला दिसलं. त्यांनी ते मिटलं. मग म्हणाले, "दुखते. खोकलो का अठी दुखते. लिही, यास्मीन."

मी वही उघडून लिहिलं.

खुशालराव ते लिहून होईपर्यंत थांबले. गादी त्यांनी खांद्यावरून खाली ठेवली आणि म्हणाले, "तसंच माह्यं बी नाव लिही मंग."