पहिला पेला

“हँडल कुठंय, बाई?” पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“मला काय माहीत,” मीही तिसऱ्यांदा म्हटलं. त्या वेळी माझे दोन्ही पाय हँडलवरच होते. पोत्यात गुंडाळून ते मी चर्चच्या शेवटच्या बाकाखाली सरकवलं होतं आणि वर पाय ठेवून, मांडीवर गीतांचं पुस्तक उघडून बसले होते. पाळकाशी खोटं, तेही चर्चमध्ये, तेही रविवारी.

“मिस्त्रींनीच काढलंय ना?”

“मग त्यांनाच विचारा की.”

“विचारलं. ते घड्याळ बघतात आणि गप्प बसतात.” पाळकसाहेबांनी रुमालाने मान पुसली. “अकराला मिशनच्या मोठ्या ऑफिसातून मोठ्या बाई येतायत. पंपाचं उद्घाटन आणि पंपाला हँडल नाही. मी कुठल्या तोंडाने उभा राहू त्यांच्यापुढे?”

माणूस वाईट नाही. पुरात गेलेल्या प्रत्येकासाठी खड्ड्याच्या काठावर हाच उभा होता, गुडघाभर चिखलात. म्हणून तर खोटं बोलताना जास्त लागत होतं. पण मी पाय हलवले नाहीत.

माझा नवरा मिशनचा पंपमिस्त्री. सव्वीस वर्षं झाली. सगळे मिस्त्री म्हणतात, आता मीही तेच म्हणते. वर्षापूर्वी नदी फिरली आणि खालची वस्ती धुऊन घेऊन गेली. उरलो ती बासष्ट कुटुंबं इथे चढावर, मिशनने बांधून दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांत. पहिले काही महिने माणसं पाण्याला भ्यायची. विहिरींतून काय काय निघालं होतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वच्छ पाणी दिलं तरी पेला नाकाशी नेऊन खाली ठेवायची.

त्यातून ती पद्धत पडली. मिशनने पंप बसवला की पाळकसाहेब प्रार्थना करायचे, मंडळी गीत म्हणायची आणि पहिला पेला मिस्त्री प्यायचे. चौथऱ्यावर उभे राहून, सगळ्यांना दिसेल असे. पेला आमच्याच घरातला, सासूबाईंचा, कडेला पोचा आलेला. मिस्त्री प्यायले म्हणजे पाणी चांगलं, एवढा सरळ हिशेब. खोटं कशाला बोलू, त्यांनाही ते आवडायचं. पिऊन झालं की मिशा अशा पुसायचे की जणू लग्नात उभे आहेत.

दुसऱ्या पंपाच्या वेळीही ते असेच प्यायले. रांगेत सगळ्यांत पुढे सासूबाई. मागची बाई म्हणाली, आजी, जरा दोन दिवस बघू की. तर सासूबाई म्हणाल्या, “माझा पोरगा प्यायला, आता आणखी काय बघायचं?”

तिसऱ्या दिवशी एकोणीस माणसं अंथरुणाला खिळली. वरच्या अंगाला संडासाचा खड्डा होता, त्याचं झिरपून पंपात उतरलं होतं. दोघं गेले. त्यातल्या एक सासूबाई. एकतीस वर्षं आम्ही दोघी भांडलो, मिठावरून भांडलो, खिडकी उघडी की बंद यावरून भांडलो, आणि त्या गेल्यावर मला कळेना की सकाळी उठून आता कोणाशी बोलायचं. मिस्त्रींचं मात्र साधं पोटही दुखलं नाही. तेच त्यांना सहन होत नव्हतं. रात्ररात्र स्वतःचं पोट चाचपत बसायचे, आता दुखेल, मग दुखेल.

मिशनच्या मोठ्या ऑफिसात पाळकसाहेबांनी कळवलं, पुरानंतरची साथ. वस्तीनेही मूग गिळले. पंप बंद झाला, आणि विषयही.

मग दवाखान्यातल्या सिस्टरने मिस्त्रींना बाटल्या दिल्या. एवढीशी बाटली, आत कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं, आणि एक दिवस, एक रात्र उबेत ठेवायची. पाणी घाण असेल तर पट्टी काळी पडते. उबेसाठी यंत्र असतं म्हणे, ते इथे कुठलं यायला. मिस्त्री बाटली बनियनच्या आत छातीशी ठेवतात, वरून पट्टा बांधून. झोपायचे ते उताणे, कुशीवर वळायचे नाहीत. “लग्नाच्या पहिल्या वर्षी मला एवढं जपलं असतं तर,” मी म्हणायचे. ते हसायचे नाहीत.

हा तिसरा पंप, चर्चसमोरचा. गेल्या आठवड्यात त्याची बाटली काळी निघाली. मिस्त्रींनी पंपात जंतू मारायची पावडर टाकली, दोन दिवस एकट्याने पाणी उपसलं, हात वर उचलेनात इतकं. आणि काल दुपारी चारला दुसरी बाटली भरली. म्हणजे आज चारपर्यंत थांबणं भाग होतं. पण उद्घाटनाची तारीख दोन महिने आधी ठरलेली. पहिला पंप उन्हाळ्यात आटलेला, आणि हा आज सुरू होणार म्हणून टँकर कालपासून बंद. आणि ऊन तर असं की पत्र्याला हात लावला की चटका बसावा.

मोठ्या बाई अकराला आल्या. साध्याच होत्या, साधी चप्पल, प्रवासाने थकलेल्या. प्रार्थना झाली, गीत झालं. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखा विश्वास आम्हाला शहरात बघायला मिळत नाही, अजून पाच वस्त्यांना पंप द्यायचे आहेत, इथलं बघून ते ठरेल. मिस्त्री पुढच्या बाकावर छातीवर हात ठेवून बसले होते. बाईंना वाटलं असेल, किती भाविक माणूस आहे. ते बाटलीला ऊब देत होते.

मग सगळे बाहेर आले. मी दाराजवळच्या त्याच बाकावर तशीच बसून राहिले, पाय हँडलवर. तिथून सगळं दिसत होतं. हँडल नसलेला पंप म्हणजे हात तुटलेल्या माणसासारखा दिसतो. मंडळी कुजबुजायला लागली.

“हँडल मी काढलंय,” मिस्त्री म्हणाले. “चार वाजता लावतो.”

“चार?” शिंपी पुढे आला. तो आमच्या शेजारच्या खोलीत राहतो, तीन लेकरं. “अहो मिस्त्री, आमचं पिंप सकाळीच तळाला गेलं. चारपर्यंत काय करू, थुंकी गिळू?”

“बाटली चारला होते.”

“औषध टाकलंत ना तुम्ही?” पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. “दोन दिवस उपसलंत. झालं असेल आता साफ. मी प्रार्थना करतो, तुम्ही घोटभर घ्या. पुढचं देवावर सोपवा.”

“असेल. नसेलही.”

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतली बाळंतीण पुढे आली. वीस दिवसांचं बाळ खांद्यावर, त्याचा आज नव्या पंपाच्या पाण्याने बाप्तिस्मा व्हायचा होता. ओठ कोरडे पडले होते पोरीचे. ती म्हणाली, “मिस्त्रीदादा, तुम्ही प्या ना. तुम्ही प्यायलात की आम्हाला दुसरं काही बघायचं नाही.”

मी मिस्त्रींचा चेहरा पाहिला. सासूबाईच बोलल्या होत्या, दुसऱ्या तोंडाने. त्यांचा हात छातीवरून खाली आला आणि परत वर गेला.

मोठ्या बाई जवळ आल्या. मायेनेच बोलल्या. “मिस्त्री, इतकी माणसं प्रार्थना करतायत. विश्वास कमी पडतोय का तुमचा?”

“विश्वास देवावर आहे, बाई. पाण्यावर नाही. पाण्याला मी ओळखतो.” आणि मग माझा मुखदुर्बळ नवरा, जो घरी भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही दोन घास जाऊ देतो, तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मागच्या पंपाला मी असाच प्यायलो होतो. माझ्यावर विश्वास ठेवून एकोणीस जण पडले. दोघं गेले. एक माझी आई.”

बाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. “तुम्ही तर साथ होती म्हणून कळवलं होतं.”

पाळकसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते. तेच बूट, पुरातल्या चिखलाने कायमचे पिवळे पडलेले. मला वाटलं, आता हे हो म्हणतील, साथच होती, आणि मिस्त्री सगळ्यांत खोटे पडतील. मी बाकाची कड घट्ट धरली.

“साथ नव्हती,” पाळकसाहेब म्हणाले. “पंपाचंच पाणी होतं. पुढचे पंप थांबतील म्हणून मी तसं लिहिलं.”

बाई गाडीकडे दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. मग म्हणाल्या, “चौकशी करावी लागेल. तोवर पाचही पंप थांबतील. माझ्या हातात दुसरं काही नाही.” त्यांना अंधारापूर्वी घाट उतरायचा होता. गाडीत होती ती पाण्याची खोकी त्यांनी काढून दिली, घराला एक बाटलीसुद्धा आली नाही. दोनच्या आत गाडी गेली.

गाडीची धूळ बसायच्या आधीच लोक मिस्त्रींवर तुटून पडले. टँकर गेला, पाच पंप गेले, आणि यांची बाटली. कोणी म्हणालं, आई गेली तेव्हापासून डोकं फिरलंय यांचं. मिस्त्री चौथऱ्यावर बसून राहिले. मान खाली, हात छातीवर. उठून जाऊन त्यांच्याजवळ बसावं असं फार वाटलं मला, पण उठले असते तर हँडल उघडं पडलं असतं.

शिंप्याच्या ते लक्षात आलंच. सगळा बाजार उठला तरी ही बाई बाकावरून का उठत नाही? तो आत आला, वाकून बघितलं.

“वहिनी, पाय काढा.”

“नाही काढणार.”

“माझी लेकरं रडतायत हो पाण्यासाठी.”

“माझी सासू मेलीय, भाऊजी.”

तो उभा राहिला. हाताच्या मुठी वळल्या होत्या त्याच्या, आणि खरं सांगते, त्याने मला ढकललं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. मग तो माझ्या शेजारी बाकावर बसला आणि तोंड ओंजळीत धरलं. सासूबाईंना खांदा देणाऱ्यांत तोही होता.

तीनच्या सुमाराला पाळकसाहेब मागच्या खोलीतून एक कॅन घेऊन आले. टँकरचं शेवटचं पाणी. हँडल सापडलं नाही तर बाप्तिस्म्याला असावं म्हणून सकाळी बाजूला काढून ठेवलं होतं त्यांनी. ते त्यांनी बाळंतिणीपुढे ठेवलं आणि म्हणाले, “पी, पोरी. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी करू.” उरलेलं लेकरांना घोट घोट वाटलं. माझ्यासमोरून जाताना थांबले. बाकाखाली बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“माझं जास्त,” ते म्हणाले आणि रिकामा कॅन घेऊन पुढे गेले.

चारला पाच मिनिटं कमी होती तेव्हा मिस्त्री उठले. मी धावत गेले, राहवलंच नाही. त्यांनी घड्याळाचा मोठा काटा बारावर यायची वाट पाहिली, तेवढीसुद्धा सूट घेतली नाही. मग गुंड्या सोडल्या, पट्टा सोडला. बाटली चर्चच्या चुन्याच्या भिंतीला टेकवून धरली. मागे बासष्ट घरं श्वास रोखून उभी.

पट्टी पांढरी होती. भिंतीइतकीच पांढरी.

“म्हणजे मघाशीच प्यायलो असतो तरी चाललं असतं,” मागून कोणीतरी म्हणालं. शिंपी त्याच्यावर ओरडला, “गप रे.”

मिस्त्रींनी बाटली खाली केली नाही. तशीच भिंतीला धरून ठेवली. “एक दिवस गं,” ते मला म्हणाले. “तेव्हाही एवढंच थांबायचं होतं.” आईला पुरताना हा माणूस रडला नव्हता. आता त्या भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला, आणि मला काय करावं ते सुचेना म्हणून मी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि धरून उभी राहिले.

हँडल शिंप्यानेच आणलं. दोघांनी मिळून बसवलं, खिळा ठोकला. मिस्त्रींनी बराच वेळ उपसून पाणी वाहू दिलं, मग पिशवीतून पोचा आलेला पेला काढला, भरला आणि चौथऱ्यावर ठेवला. कोणी पुढे येईना. सवय ती. सगळे हंडे, बादल्या धरून त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

“मी पहिला पिणार नाही,” मिस्त्री म्हणाले. “आता कधीच नाही. पट्टी बघितलीत ना सगळ्यांनी? मग या.”

पाळकसाहेब पुढे झाले. पेला उचलला, थांबून डोळे मिटले, ओठ हलले थोडे, आणि सगळा पेला प्यायले. मग रांग लागली. मिस्त्रींनी हँडल कोणाच्या हाती दिलं नाही. बासष्ट घरांचं पाणी त्यांनीच उपसून दिलं. कोणी आभार मानले, कोणी नाही मानले. बाळंतिणीची बादली शिंप्याने घरी पोहोचवली.

शेवटची मी. हंडा भरून झाल्यावर पेला भरून त्यांच्यापुढे धरला. दिवसभर एक थेंब पोटात नव्हता त्यांच्या.

“आधी तू,” ते म्हणाले.

मी प्यायले. गार होतं पाणी, पावडरचा किंचित वास. मग ते प्यायले, सगळ्यांच्या शेवटी, बसून, हळूहळू. मिशा पुसल्या नाहीत. पेला विसळून त्यांनी चौथऱ्यावर उपडा ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला होईल म्हणून. नवी बाटली काढून पंपाखाली धरली, झाकण लावलं, घड्याळ बघितलं आणि बनियनच्या आत छातीशी ठेवली.

“पुन्हा?” मी विचारलं.

“पट्टा जरा घट्ट बांध,” ते म्हणाले, आणि बांधता यावा म्हणून त्यांनी दोन्ही हात वर धरले.