धूर पुसलेला फोटो

मी कॉम्प्युटरचा एक जुना, पोट सुटलेला मॉनिटर आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, हा थापा मारतोय. म्हणा बापडे! पण मित्रांनो, एक अख्खी दलदल मी एकट्याने वाचवली, हे मी शपथेवर सांगतो. समोर त्या फेकलेल्या टायरजवळ तो शेकाट्या उभा आहे ना, काळ्या पंखांचा, काडीसारख्या लांब गुलाबी पायांचा? तोही मघापासून कान देऊन ऐकतोय. पक्ष्यासमोर खोटं बोलून मला काय मिळणार?

माझी उमेदीची वर्षं गेली चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, कृष्णाजींच्या फोटो लॅबमध्ये. कृष्णाजी तंजावरकडचे. त्यांची मराठी जुन्या पेटीत जपून ठेवलेल्या शालूसारखी, वर तमिळची जर. धंदा लग्नाच्या फोटोंचा. नवरीचा फोटो माझ्या काचेवर आला की कृष्णाजी तिच्या गालावरचे मुरूम पुसायचे, डोळ्यांखालचं काळं पुसायचे, रंग दोन घरं उजळवायचे. एकदा तर एक नवरी इतकी उजळली, की मांडवात नवऱ्यामुलाने तिला ओळखलंच नाही. तो हार घेऊन तडक लॅबमध्ये आला आणि माझ्याच गळ्यात घालू लागला! थोडक्यात वाचलो. नाहीतर आज मी संसारी असतो.

कृष्णाजींचा एक नियम होता. फोटो पुसून झाला की तो जुन्याच्याच जागी सेव्ह करायचा. कोणी विचारलं तर शेवटी तमिळ लाडाचा 'मा' जोडून म्हणायचे, "डाग परत मागायास कोण येतें मा?"

आणि खरोखर, कोणी येत नसे. हेमलता येईपर्यंत.

हेमलता सांगलीची. चेन्नईतच, पेरुंगुडीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तिच्या ऑफिसच्या खिडकीतून खाली दलदल दिसायची. त्या दलदलीत एका कडेने लॉऱ्या कचरा ओतायच्या आणि कचरा दिवसभर धुमसायचा. सुट्टीच्या दिवशी पहाटे ही पोरगी चिखलात पोटावर पडून पक्ष्यांचे फोटो काढायची. पक्षी जिकडे बघतो तिकडे मोकळी जागा सोडायची, पाण्यातली सावली पायांपाशी तुटू द्यायची नाही, असे तिचे दंडक.

एक दिवस ती धापा टाकत लॅबमध्ये आली. "काका, उरलेली दलदलही कचऱ्याने बुजवून टाकायचं घाटतंय. परवा महापालिकेच्या मोठ्या साहेबांसमोर बैठक आहे. तिथे पक्षी राहतात हे दाखवायला फोटो हवेत. एकदम चांगले करून द्या."

पहिलाच फोटो शेकाट्याचा. एका पायावर उभा. मागे लॉरी शेपटी वर करून कचरा ओततेय, आकाशभर धूर, पाण्यावर पिशव्या तरंगतायत. त्या धुरामुळे पक्ष्याची पांढरीशुभ्र छाती चहात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

"अय्यो!" कृष्णाजींनी कपाळावर हात मारला. "नवरीस असें उकिरड्याशीं उभी करून कोणी फोटो काढतें काय?"

"तेच तर म्हणते मी. साहेबांना ती आवडली पाहिजे."

"मग बस तूं. बघ आतां कशी नटवतों तीस."

दोघं कामाला लागली. पक्ष्याच्या छातीवर बोट ठेवून हेमलताने ठरवलं, हे पांढरं. त्यासरशी सगळ्या चित्रावरचा पिवळटपणा उतरला. लॉरी चौकटीबाहेर कापली. पिशव्या पुसल्या. धुराचं धुकं केलं, धुक्यात सकाळचं सोनं भरलं. पाय थोडे गुलाबी केले. मित्रांनो, ते चित्र माझ्या काचेवर उमटलं तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला. एकामागून एक सगळे फोटो असे नटले, आणि जुन्यांच्याच जागी जाऊन बसले.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी हेमलता परत आली. हातात फोटोंची पिशवी, चेहरा कागदासारखा.

"काय झालें मा?"

"साहेबांनी सगळे फोटो पाहिले. दोनदा पाहिले. म्हणाले, फर्स्ट क्लास! पाणी आरशासारखं, हवा स्वच्छ, पक्षी मजेत. इतकी वर्षं कचरा पडूनही काही बिघडलेलं दिसत नाही. मग अजून थोडा पडला तर तुमची तक्रार काय?"

कृष्णाजींचा कॉफीचा पेला ओठांपाशीच थांबला. माझ्या काचेवरून सर्रकन एक आडवी रेघ गेली. मला असा धक्का कधी बसला नव्हता. विजेचासुद्धा!

"काका, मूळ फोटो काढा. धुराचे. आत्ता घेऊन जाते."

कृष्णाजींनी पेला खाली ठेवला.

"काका?"

"त्यांच्यावरच सेव्ह केलें, पोरी."

"सगळे?"

"सगळे. लग्नाचे करतों तसेंच."

हेमलताने कॅमेरा उघडून पाहिला. कॅमेऱ्याचं कार्ड तिने स्वतःच पुसलं होतं, नव्या फोटोंना जागा हवी म्हणून. बाहेर अंधार पडला होता. दलदल बुजवायच्या कागदावर साहेब सकाळी सही करणार होते.

"मीच पुसला धूर," ती म्हणाली. "मीच."

आणि इथे, मित्रांनो, मी पुढे झालो!

सकाळी तेच साहेब मुलीच्या लग्नाचा अल्बम न्यायला लॅबमध्ये आले. मी दबा धरूनच होतो. माझ्या पोटात पुसलेला सगळा धूर साठला होता. तो मी काचेतून भसाभसा बाहेर सोडला! साहेब खोकतायत, चष्मा काळा ठिक्कर पडलाय, मागून लॉरीचा भोंगा वाजतोय, पेल्यातल्या कॉफीवर पिशव्या तरंगतायत. साहेब ओरडले, "थांबवा त्या लॉऱ्या!" आणि तिथेच, कृष्णाजींच्या काउंटरवर त्यांनी हुकूम लिहिला. भर रस्त्यातून लॉऱ्या माघारी फिरल्या. हेमलताने माझ्या काचेचा मुका घेतला. दलदल वाचली. आजही तिथे घोटाभर पाणी झुळझुळतंय.

पुढे सपाट पडदे आले आणि मला कचऱ्याच्या लॉरीत टाकून इथे आणून सोडलं, त्याचं दुःख मी करत नाही. पण माझं एक ऐका. पक्ष्याचा फोटो काढाल तेव्हा पक्षी हवा तितका सुंदर काढा. त्याच्यामागचा धूर मात्र पुसू नका. तो त्याच्या घराचा आहे. पुसलात तर घर जळतंय हे कोणाला कळणार?

शेकाट्याने एक पाय उचलला, निरखून पाहिला, पुन्हा खाली ठेवला.

"दलदल वाचली म्हणालास?"

"वाचली तर! शपथेवर."

"म्हणजे ही, आपण आहोत ती? लॉरी तुला जिथे टाकून गेली ती?"

"हीच की. ही अख्खी."

"मग माझे पाय कोरडे का?"